खळ्यावरची फेलोशिप

आमच्या ह्यांना पगार नव्हता, बलुतं होतं. बी.ए. झालेल्या माणसाला बलुतं! सुताराला, लोहाराला खळ्यावरून ज्वारीच्या पेंढ्या मिळतात तशाच ह्यांना मिळायच्या, आणि त्या पेंढ्यांवर पुण्याच्या एका संशोधन संस्थेची फेलोशिप चालायची. हल्लीच्या शिकलेल्या पोरींना हे सांगितलं की त्या तोंडावर हात ठेवून हसतात. हसा बायांनो, खुशाल हसा. तुमच्या नवऱ्यांना कुणीतरी सही ठोकून पैसे देत असेल. माझ्या नवऱ्याला गावानं पिकातला वाटा दिला, आणि तोही उगाच नाही दिला, काम पारखून दिला.

गोष्ट एकोणीसशे तीसनंतरच्या मंदीच्या वर्षांतली. माझं माहेर निरवांगी, इंदापूर तालुक्यातलं. सासर पणदऱ्याचं, बारामती तालुक्यातलं. दोन्हीकडं शेतकरीच. ह्यांना मात्र सासऱ्यांनी हट्टानं पुण्याला ठेवून शिकवलं होतं, आणि शिकून आल्यावर बारामतीच्या शाळेत मास्तरकी मिळाली होती. पेठेच्या मागं दोन खोल्यांत आमचा संसार. माझी शाळा चौथीपर्यंत, पुढचं लिहिणं-वाचणं ह्यांनीच शिकवलं. महिन्याच्या महिन्याला पगार यायचा, शेजारणी मला 'मास्तरीणबाई' म्हणायच्या, आणि मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

ह्यांना नाद एकच, शेतांची नावं. आपल्याकडं प्रत्येक वावराला नाव असतं. चिंचेचं वावर, लवणातली पट्टी, घोडखळी, पांढरीचा तुकडा. माणसं पिढ्यान्‌पिढ्या ती नावं बोलतात, पण लिहून कुणी ठेवत नाही. नीरेच्या डाव्या कालव्याचं पाणी आलं, त्यातून शेतांकडं चाऱ्या निघाल्या, चाऱ्यांना नंबर पडले, आणि लोक 'लवणात चाललो' म्हणायचं सोडून नंबर सांगायला लागले. ह्यांचा जीव त्यात अडकलेला. म्हणायचे, "राजांचा इतिहास कागदावर आहे. आपल्या लोकांचा इतिहास कुठं आहे? ह्या नावांत आहे. ती गेली की आपणही गेलो." मी म्हणायची, "आपण कुठं जात नाही, आधी बाजारात जा आणि भाजी आणा."

पुण्याच्या त्या संस्थेची माहिती ह्यांना कॉलेजात असल्यापासून. सरकारी नव्हती, कुठल्या कॉलेजाचीही नव्हती. चारदोन विद्वानांनी स्वतःच्या हिमतीवर उभी केलेली. सरकार सांगेल ते लिहायचं नाही, हा त्यांचा बाणा. मुंबईच्या एका शेठजींनी तिला देणगी दिली आणि त्यातून इतिहास, भाषा असल्या विषयांवर काम करणाऱ्या तरुणांना दोन वर्षं फेलोशिप द्यायचं ठरलं. ह्यांनी अर्ज केला. अर्ज मंजूर झाला. आणि मला हे कळलं कधी, तर शाळेचा राजीनामा देऊन घरी आल्यावर!

"नावं गोळा करायला नोकरी सोडलीत?" मी विचारलं. "अहो, नावं कालवणात घालून खायची का आता?"

हे नुसते हसले. मी हातातलं ताट असं आदळलं की शेजारीण खिडकीत आली. आजही म्हणते, माझा राग रास्त होता. बायकोला न विचारता नोकरी सोडणाऱ्या माणसाला कुणी ओवाळायचं असतं का?

खरी मेख पुढंच होती. फेलोशिपचा निम्मा भाग संस्था देणार होती आणि निम्मा संशोधकानं आपल्या मुलखातून उभा करायचा होता. ज्या मुलखाचं काम, त्या मुलखाला त्याची गरज वाटते की नाही, हे देणगीदाराला बघायचं होतं. वर्षाच्या शेवटी संस्थेचे चिटणीस स्वतः येऊन पाहणी करणार, आणि त्यांना पटलं तरच दुसरं वर्ष. ह्यांच्या बरोबरीच्या पुण्यातल्या मंडळींना कुणाला संस्थानिकानं हात दिला, कुणाला कारखानदारानं. आमच्याकडं कुठले राजे? हे बारामतीतल्या वकिलांकडं गेले, आडत्यांकडं गेले. सगळीकडं चहा मिळाला, बाकी काही नाही. "गुळाला भाव कुठाय मास्तर?" एवढं ऐकून परत. आडातच नव्हतं, तर पोहऱ्यात कुठून येणार?

एकच जण तयार झाला. माळेगावाकडचा एक बडा बागाईतदार, ऊस, फळबाग, दारात मोटार. त्यानं आम्हा दोघांना जेवायला बोलावलं, आणि पान खाता खाता म्हणाला, "सगळी रक्कम मी देतो. निम्मी कशाला, वर थोडी देतो. तुमी फकस्त एवढं लिवा, की ह्या शिवारातली निम्मी नावं आमच्या वाडवडलांवरनं पडल्यात."

"पण ती तशी पडलेली नाहीत," हे म्हणाले.

"आवो, कोण बघतंय?"

"मी बघतोय ना," असं म्हणून हे उठले. पानसुद्धा घेतलं नाही.

परतताना छकड्यात मी ह्यांना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. घरात चूल पेटायची पंचाईत, आणि हा माणूस लक्ष्मीला दारातून परत पाठवतो! तोंडानं शिव्याशाप चालले होते, पण आत कुठंतरी माझी छाती अशी फुगली होती म्हणून सांगू! आख्ख्या पेठेत त्या बागाईतदाराला नाही म्हणणारा एक माणूस नव्हता, आणि जो निघाला तो माझा नवरा.

पैशाचं काही जमेना तेव्हा मी माहेरी गेले. मागायला नाही, रडायला. शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची काढणी झाली होती, खळी लागली होती. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या खळ्यावर चार म्हातारी माणसं बसलेली. मी सगळं सांगितलं. फेलोशिप म्हणजे काय हे सांगतानाच माझी दमछाक झाली.

आबा काडीनं दात कोरत ऐकत होते. मग म्हणाले, "रोख कुणाकडंच न्हाय. पर शाळू हाय की. बलुतं द्यू."

"जावयाला बलुतं?" एक म्हातारा दचकला. "आबा, जावयाला आहेर करत्यात. बलुतं दिलं म्हंजी चाकर केला की वो त्येला."

"जावई म्हणून दिलं तर ते आहेर," आबा म्हणाले. "आमी कामकरी म्हणून द्यू. गावाचं काम करतोय ना? मंग सुताराच्या वळीत हुबा ऱ्हाऊंदे. काम बरं केलं तर पेंढी, चुकलं तर पेंढी आडवायची. सुताराची न्हाय आडवत व्हय?"

मला वाटलं, हे चिडतील. जावई माणूस, त्यातून पदवीधर. मी भीत भीतच सांगितलं. आणि हे काय म्हणाले असतील? "तुझे वडील त्या मुंबईच्या शेठजींपेक्षा हुशार आहेत." माझ्या माहेरचं कौतुक ह्यांनी त्याआधी कधी केलेलं मला आठवत नाही.

निरवांगीनं दिलं म्हटल्यावर पणदऱ्याला मिरच्या झोंबल्या. "पोरगा आमचा, आन पोसायचा त्यांनी? आमी काय मेलोय व्हय?" म्हणून पणदरेकरांनीही पेंढ्या बांधल्या, वर गुळाची एक ढेप. आबा ती ज्वारी बारामतीच्या बाजारात विकून पैसे संस्थेकडं भरायचे. अशी आमची फेलोशिप उभी राहिली.

पण बलुतं घेतलं की बलुतेदाराचे हालही आले! लोकांना वाटलं, हा आता आपला माणूस, सांगू ते करणार. कुणी बांधाचं भांडण घेऊन यायचं. कुणी लग्नाची बोलणी करायला न्यायचं, शिकलेला माणूस सोबत असावा म्हणून. पणदऱ्याच्या एकानं नवी जमीन घेतली आणि ह्यांना गाठलं, "मास्तर, बलुतं खाता नव्हं? मंग माझ्या वावराला झ्याक नाव द्या." हे काकुळतीला येऊन म्हणाले, "अहो, मी नावं ठेवत नाही हो, गोळा करतो." नावं ठेवायचं खातं आमच्या घरात माझ्याकडं होतं, हे मात्र खरं.

वर्षभर हे गावोगाव हिंडले. चावडीवर बसायचे, म्हाताऱ्यांना बोलतं करायचे, मग त्यांच्याबरोबर शिवारात जाऊन वावर डोळ्यांनी बघायचे. झालेलं काम दिवाळीत निरवांगीच्या चावडीत वाचून दाखवलं. गाव खूश. आता राहिली होती ती चिटणीसांची पाहणी. ती पार पडली तर काम पुरं होणार, नाही तर अर्ध्या वाटेत मरणार. शाळेतली जागा तर केव्हाच भरली होती.

चिटणीस आले ते पुन्हा खळ्यांच्याच दिवसांत. दौंडहून छोट्या रेल्वेनं बारामती, तिथून बैलांच्या दमणीनं निरवांगी. डोक्याला पगडी, हातात छत्री, आणि चेहरा असा की हसणं घरी विसरून आले असावेत. मी आधीच माहेरी जाऊन घरोघर बजावून आले होते, त्या दिवशी हात आखडू नका बरं का, पाहुणे बघणार आहेत.

आणि कसा कोण जाणे, त्या बागाईतदाराला वास लागला. त्याची मोटार धुरळा उडवत खळ्यांपाशी येऊन थांबली. उतरला तो सरळ चिटणीसांच्या शेजारी घोंगडीवर टेकला. लागला कानाशी, "साहेब, ह्यो निव्वळ जावयाचा लाड हाय. लोकास्नी संशोधन काय ठावं? रोख पायजे तर मी हाय, आत्ता देतो."

चिटणीसांनी ह्यांना जवळ बोलावलं. आवाज चढवला नाही, पण मला शब्द न्‌ शब्द ऐकू आला. "हे तुमच्या सासऱ्यांचं गाव. जावयाला नाही कोण म्हणणार? तुमच्या कामाबद्दल मला शंका नाही, पण लोकांना त्या कामाची गरज आहे असं मी लिहू कसं? हा जावयाचा मान झाला. हे गृहस्थ रोख द्यायला तयार आहेत, त्यांचं का घेत नाही?"

"त्यांची अट खोटं लिहायची आहे," हे म्हणाले.

बागाईतदार दुसरीकडं बघायला लागला. चिटणीसांनी हूं केलं आणि उठले. "चला, खळी बघू."

आबांच्या खळ्यावर ह्यांना पेंढी मिळाली. चुलत्यांच्या खळ्यावर मिळाली. जसजशी पेंढ्यांची चळत वाढत होती तसतसा चिटणीसांचा चेहरा उतरत होता. मी सांगितल्याप्रमाणं सगळे हात सैल सोडत होते आणि त्यानंच आमचा घात होत होता! हे मला उमगलं तेव्हा वेळ निघून गेली होती.

मग आलं आत्याचं खळं. आत्या म्हणजे सगळ्या गावाची आत्या. गावातच दिलेली, तरुणपणी विधवा झालेली, पदरी मुलीच, पण स्वतःची शेती स्वतः करणारी. नऊवारीचा काष्टा मारून खळ्यावर उभी. तिनं सुताराला पेंढी दिली, लोहाराला दिली. ह्यांच्यापुढं आली आणि पेंढी परत खाली टाकली.

"मास्तर, तुला पेंढी न्हाय."

एरवी ती ह्यांना 'जावईबापू, तुमी' म्हणायची. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायाबापड्यांनी पुरुषांच्या बैठकीत बोलू नये वगैरे सगळं विसरून मी पुढं झाले. "आत्या, अगं आजच का? पाव्हण्यांम्होरं?"

"मंग कवा? खळं आजच हाय." आणि ती ह्यांच्याकडं वळली. "दिवाळीत चावडीत वाचलंस, माझ्या वडाखालच्या वावराचं नाव 'धाकट्याची पट्टी'. वाचलंस का न्हाय?"

"वाचलं."

"धाकट्याची म्हणं! धाकटा म्हंजी माझा दीर. त्येनं तितला येक धोंडा तरी उचालला का? मालक गेल्यावर ह्या भावकीनं मला पडीक माळ दिला, हीच वाटणी म्हणून. मी आन माझ्या पोरींनी धोंडं येचून येचून त्येचं वावर केलं. हात सोललं पोरींचं. हिरीवरच्या समद्या बाया त्येला 'लेकींचा माळ' म्हणत्यात. तू कुणाला इचारलंस?"

"चावडीवर विचारलं," हे म्हणाले. आवाज खाली आला होता.

"चावडीवर बाया असत्यात व्हय?"

आता ह्यांनी गप्प बसावं, नाही तर गोड बोलून वेळ मारून न्यावी. तर ह्यांचा चेहरा असा उजळला, जसं काही घबाड सापडलंय! सगळ्यांसमोर म्हणाले, "आत्या, चुकलं माझं. नुसतं हेच नाही, अशी किती चुकली असतील. पुरुषांनी सांगितली तेवढीच नावं मी लिहिली. सगळ्या गावांत पुन्हा विचारावं लागेल."

मी कपाळावर हात मारला. परीक्षक समोर उभा, आणि हे आपल्या तोंडानं सांगतायत की वर्षभराचं काम अर्धंच झालंय!

बागाईतदार खदाखदा हसला. "बघा साहेब. कामाची तऱ्हा ही."

चिटणीसांनी त्याच्याकडं पाहिलंच नाही. ते छत्री टेकत आत्याजवळ गेले. "बाई, हे तुमच्या गावचे जावई ना? जावयाला खळ्यावरून रिकाम्या हातानं पाठवता?"

"जावई घरी," आत्या म्हणाली. "घरी यूंद्यात, पुरणाची पोळी घालते, वर तूप. खळ्यावर कुणी जावई न्हाय. खळ्यावर काम."

त्या कडक माणसाच्या चेहऱ्यावर तेव्हा पहिल्यांदा काहीतरी हललं. ते म्हणाले, "आमच्या संस्थेत इतकी वर्षं संशोधन चाललंय. आम्हीही चुकलो असू. देणाऱ्यांनी पैसे दिले, हार घातले, आणि आमचं लिहिलेलं उघडून पाहिलं नाही. आमची पेंढी अडवायला कुणी आलं नाही." मग ह्यांच्याकडं वळून म्हणाले, "मला जे बघायचं होतं ते बघितलं. दुसरं वर्ष मंजूर. संस्थेच्या मंडळापुढं मी स्वतः उभा राहीन." आणि बागाईतदाराला हात जोडले, "आपल्या मदतीची आज गरज नाही."

मोटार गेली. धुरळा खाली बसला. मग एकदम सगळ्यांनाच कंठ फुटला. कुणी आत्याची थट्टा करायला लागलं, कुणी ह्यांची. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. अभिमान कशाचा म्हणून सांगू? चुकलं म्हणणाऱ्या नवऱ्याचा की अडवणाऱ्या आत्याचा?

"उद्यापासून विहिरींवर बसतो," हे आत्याला म्हणाले. "बायांनाच विचारतो."

आत्यानं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "शिकलेला हाईस, पर खुळाच हाईस. परक्या गड्याम्होरं बाया तोंड उघडत्यात व्हय? बाया पाणी टाकून पळत्याल." आणि तिनं माझ्याकडं बोट केलं. "हिला लिवता येतंय न्हवं? हिला धाड."

माझ्याकडं सगळं खळं बघायला लागलं. हे पण. मी म्हटलं, "मला? मला काय येतंय?"

"लगीन व्हायच्या आदी ह्या हिरीवर तूच रोज घागर बुडवलीस. तुला न्हाय येणार तर कुणाला यील?"

तिनं मघाशी खाली टाकलेली पेंढी उचलली. मला वाटलं, विरघळली, आता ह्यांना देणार. ह्यांनीही हात पुढं केला. तिनं तो हात बाजूला सारला. "तुझी पुढल्या सालाला, काम बघून." आणि पेंढी माझ्या कवेत टाकली. "ही हिची."

माहेरच्या खळ्यावर लेकीला चोळी मिळते, बांगडी मिळते, ओटीला मूठभर दाणे मिळतात. कामाची पेंढी लेकीला कुणी दिलेली मी तोवर पाहिली नव्हती. कणसं गालाला टोचत होती, आणि मी ती घट्ट धरून तशीच उभी. कुठं उभं राहायचं, घरच्यांच्यात की ह्यांच्याजवळ, तेही कळेना.

आबा उठले. धोतर झटकलं. बलुतेदारांच्या रांगेपाशी जाऊन त्यांनी सुताराच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सरक रं जरा. माझ्या लेकीला वळीत जागा दे."